६९ वरून ९७: बोस्टनच्या २०१३ चा हिशोब

एका कॉलेजच्या बेसबॉल संघाच्या कॅप्टनचा प्रश्न आहे: "सर, बोस्टन रेड सॉक्स २०१२ मध्ये आपल्या गटात तळाला होते. ६९ जिंकले, ९३ हरले. २०१३ मध्ये ९७ जिंकून थेट वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, घेतली. एका हिवाळ्यात असं काय झालं? आमचा संघ गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत बाहेर पडला. यंदा पोरं म्हणतायत, कोच बदला आणि बोस्टनसारख्या सगळ्यांनी दाढ्या वाढवा."

दाढ्यांचं आधी उरकतो. जॉनी गोम्स आणि माइक नॅपोलीने सुरुवात केली, मग एकेकाने वस्तरा बाजूला ठेवला आणि ऑक्टोबरपर्यंत अख्खा संघ कुंभमेळ्यातून आल्यासारखा दिसू लागला. मजा होती, नाही म्हणत नाही. पण याच संघात २०११ च्या सप्टेंबरात मॅच चालू असताना काही पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, ड्रेसिंग रूममध्ये तळलेलं चिकन आणि बिअर घेऊन बसतात, अशी बातमी फुटली होती. त्या महिन्यात संघ ७ जिंकला, २० हरला आणि शेवटच्या रात्री प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेऱ्यांच्या, शर्यतीतून बाहेर पडला. तेव्हा त्या चिकनचा केवढा गवगवा झाला! संघ जिंकत असता तर तीच 'संघभावना' ठरली असती, आणि २०१२ च्या संघाने दाढ्या वाढवल्या असत्या तर लोक म्हणाले असते, पोरं आळशी झाली. निकाल आधी लागतो, गोष्ट नंतर रचली जाते. मी पंचवीस वर्षं सॉफ्टबॉल-बेसबॉल शिकवतोय, तरी अजून या सापळ्यात पाय जातो.

आता कोचचं. बेसबॉलमध्ये त्याला मॅनेजर म्हणतात. २०१२ चा मॅनेजर बॉबी व्हॅलेंटाइन एप्रिलमध्येच आपल्या केव्हिन युकिलिसबद्दल माध्यमांसमोर बोलला, की याचं मन पूर्वीसारखं खेळात नाही. जूनमध्ये युकिलिसला शिकागोला देऊन टाकलं. ड्रेसिंग रूमची हवा बिघडली ती बिघडलीच. हंगाम संपताच व्हॅलेंटाइनची गच्छंती झाली आणि टोरांटोकडून जॉन फॅरेलला आणलं. त्याच्या बदल्यात माइक अव्हिलेस हा खेळाडू द्यावा लागला, म्हणजे मॅनेजर अक्षरशः सौदा करून मिळवला. फॅरेल २००७ ते २०१० बोस्टनचाच पिचिंग कोच होता. याचं महत्त्व पुढे सांगतो. तुझ्या पोरांना मात्र इतकंच सांग, की बोस्टनने 'कोच' बदलला नाही. आपले पिचर ज्याने आधी घडवले होते, त्या माणसाला परत बोलावलं.

मुळात ६९ हा आकडाच फसवा आहे. आपल्याकडे हरलं की 'संघच नाही आपला' म्हणून मोकळं होतात. स्कोअरबुक उघडायचे कष्ट कोणी घेत नाही. बोस्टनने २०१२ मध्ये ७३४ रन केल्या आणि ८०६ दिल्या. केलेल्या आणि दिलेल्या रनांच्या वर्गांवरून विजय काढायचा एक जुना ठोकताळा आहे. त्याने हा संघ ७३ विजयांच्या आसपास येतो. वाईटच, पण दिसला तितका वाईट नाही. आणि त्या रन कोणाच्या गैरहजेरीत झाल्या ते बघ. डेव्हिड ऑर्टिझ टाचेच्या दुखापतीमुळे १६२ पैकी ९० मॅच खेळला. जेकोबी एल्सबरी खांद्यामुळे ७४. पिचर जॉन लॅकी कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे एकही नाही. जॉन लेस्टर आणि क्ले बुखहोल्झ धडधाकट होते, पण लेस्टरची सरासरी ४.८२ आणि बुखहोल्झची ४.५६. (ही सरासरी म्हणजे दर नऊ इनिंगला, म्हणजे एका पूर्ण मॅचला, पिचर आपल्या खात्यावर किती रन देतो. साडेचारच्या वर गेली की मॅनेजरची झोप उडते.) डस्टिन पेड्रोया धरून हे सहा जण २०१३ मध्येही तिथेच होते. त्यांना कुठून विकत आणायचं नव्हतं. बरे व्हायला हवे होते आणि सुधारायला हवे होते. तळाच्या संघातून चॅम्पियन निघाला, हे ऐकायला छान वाटतं, पण त्या चॅम्पियनचा कणा तळाच्या संघातच दुखत पडला होता.

मग हिवाळ्यात नवीन काय केलं? खरं तर ते उन्हाळ्यातच केलं. २५ ऑगस्ट २०१२ ला जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू घेणारा-देणारा, बेन चेरिंग्टनने एड्रियन गोन्झालेझ, कार्ल क्रॉफर्ड, जॉश बेकेट आणि निक पुंटो हे चौघे लॉस एंजेलिस डॉजर्सना एका फटक्यात दिले. गोन्झालेझचा करार सात वर्षांचा १५.४ कोटी डॉलरचा, क्रॉफर्डचा सात वर्षांचा १४.२ कोटींचा. साधारण पाव अब्ज डॉलरचं ओझं एका दुपारी खांद्यावरून उतरलं. हंगाम चालू असताना एवढी मोठी नावं देऊन टाकणं म्हणजे आम्ही चुकलो असं गावासमोर कबूल करणं. ते धाडस मला पुढच्या सगळ्या विजयांपेक्षा मोठं वाटतं, कारण चुकीचा खेळाडू आपणच निवडलाय हे कळूनही त्याला तीन वर्षं खेळवत राहणारे निवडकर्ते मी जवळून पाहिलेत. त्यातला एक मीच होतो.

त्या पैशातून पुन्हा एक मोठं नाव घ्यायचा मोह झाला असता. चेरिंग्टनने सुटे करून घेतले. शेन व्हिक्टोरिनोला तीन वर्षांसाठी ३.९ कोटी. नॅपोलीलाही तेवढेच ठरले होते, पण वैद्यकीय तपासणीत त्याच्या कंबरेच्या सांध्याचा आजार निघाला आणि करार एका वर्षावर, ५० लाखांवर आला. गोम्सला दोन वर्षांसाठी १ कोटी. स्टीफन ड्र्यू एका वर्षासाठी. राखीव कॅचर डेव्हिड रॉस, पिचर रायन डेम्पस्टर, आणि ३७ वर्षांचा जपानी रिलीव्हर, म्हणजे मधेच येणारा बदली पिचर, कोजी उएहारा, एका वर्षाला साडेबेचाळीस लाख. बोस्टनमध्ये कोणालाही हे आवडलं नाही. १० एप्रिल २०१३ ला बोस्टनच्या घरच्या मैदानाची, फेनवे पार्कची, २००३ पासून चालत आलेली 'हाउसफुल्ल'ची पाटी उतरली, यावरून लोकांची अपेक्षा काय होती ते समज.

आता मुद्द्याचं. घरात आधीच असलेले आणि या नव्या बॅटर मंडळींपैकी बरेचसे एका बाबतीत सारखे होते: पिचरला लवकर सोडत नसत. मुंबईच्या क्रिकेटमध्ये याला 'खडूस' म्हणतात, आणि बेसबॉल समजावून सांगायला मला यापेक्षा चांगला शब्द आजवर सापडलेला नाही. स्ट्राइक झोनच्या, म्हणजे पिचरला ज्या चौकटीत टाकावं लागतं तिच्या, बाहेरचा चेंडू सोडायचा, अवघड असेल तो फाउल मारून, म्हणजे रेषेबाहेर घालवून, जिवंत राहायचं, असे सोडलेले चार 'बॉल' झाले की चालत पहिल्या बेसवर जायचं. त्याला वॉक म्हणतात. टाळ्या मिळत नाहीत. पण पिचरच्या हातात साधारण शंभर चेंडूंचं तेल असतं आणि प्रत्येक सोडलेल्या चेंडूने ते थेंबभर जळतं. नॅपोली त्या वर्षी १८७ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, झाला. आपल्याकडे अशा पोराला तिसऱ्या मॅचला घरी बसवलं असतं. पण बाद होता होताही तो समोरच्याचे सहा-सात चेंडू खर्ची घालून जायचा.

याच्या जोडीला डॅनिएल नावा. कॉलेजच्या संघात निवड झाली नाही म्हणून या पोराने तिथेच संघाचे कपडे धुतले, साहित्य सांभाळलं. पुढे छोट्या स्वतंत्र लीगमधल्या एका क्लबकडून बोस्टनने त्याचे हक्क एका डॉलरला घेतले. २०१३ मध्ये तो साधारण दर पाचांत दोनदा बेसवर पोचत होता. तो कसा खेळतो ते बघायचं तर त्याचे फटके बघू नकोस, सोडलेले चेंडू बघ.

कागदावर हे सगळं भित्रेपणाचं वाटतं. ते कसं चालतं हे डेट्रॉइटविरुद्धच्या अमेरिकन लीग फायनलच्या पहिल्या दोन रात्रींत दिसतं. मी दर हंगामाच्या सुरुवातीला पोरांना याच दोन मॅच सांगतो.

पहिली मॅच. डेट्रॉइटच्या अनिबल सांचेझने सहा इनिंगमध्ये १२ स्ट्राइकआउट घेतले आणि एकही हिट, म्हणजे बेसवर पोचवणारा फटका, दिली नाही. पुढच्या पिचरांनीही तोच पाढा चालू ठेवला. नवव्या इनिंगमध्ये एक बाद झाल्यावर नावाने बोस्टनची पहिली आणि एकमेव हिट मारली. १७ स्ट्राइकआउट, ०-१ असा पराभव. लाज वाटावी असा स्कोअर. पण सांचेझ सहा इनिंगनंतर बाहेर का गेला? एकही हिट न देणाऱ्या पिचरला कोण काढतं? त्याचे ११६ चेंडू झाले होते. त्याने सहा वॉक दिले होते. हरतानाही बोस्टनने त्याचं तेल संपवलं होतं.

दुसरी रात्र, १३ ऑक्टोबर. समोर मॅक्स शर्झर. सहाव्या इनिंगमध्ये दोन बाद होईपर्यंत पुन्हा एकही हिट नाही, आणि तोवर डेट्रॉइट ५-० पुढे. तिथे व्हिक्टोरिनोची हिट, पेड्रोयाची डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंतची हिट, ५-१. शर्झर सात इनिंग टाकून १०८ चेंडूंवर थांबला, १३ स्ट्राइकआउट घेऊन. त्याने टाकायला हवं होतं तसंच टाकलं. आठव्या इनिंगमध्ये डेट्रॉइटने बुलपेनचं, म्हणजे राखीव पिचर तयार होतात त्या जागेचं, दार उघडलं आणि एका इनिंगसाठी चार पिचर आणले. मिडलब्रुक्सची डबल. पिचर बदलला. एल्सबरीला वॉक, बघ, पुन्हा वॉक. पिचर बदलला. व्हिक्टोरिनो स्ट्राइकआउट, पेड्रोयाची सिंगल, तिन्ही बेस भरले, दोन बाद. पिचर बदलला. आता माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, होआकिन बेन्वा, आणि समोर ऑर्टिझ.

इथे मी पोरांना थांबवून विचारतो, ऑर्टिझने काय केलं असेल? दोन दिवस चेंडू सोडायचं पुराण ऐकल्यावर सगळे एका सुरात म्हणतात, "पहिला चेंडू सोडला." नाही! पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवली. चेंज-अप, म्हणजे वेग काढून टाकलेला चेंडू होता, आणि ऑर्टिझ कुठला चेंडू येणार हे धरून उभा होता. उजवीकडे बुलपेनच्या भिंतीपलीकडे चेंडू गेला, डेट्रॉइटचा टॉरी हंटर त्यामागे झेपावला आणि भिंतीवरून उलटा पलीकडे पडला. त्याचे दोन पाय वर, आणि शेजारी ड्यूटीवरच्या पोलिसाचे दोन हात वर, हा फोटो तू पाहिला असशील. होमरन, बेसवरचे तिघे आणि तो स्वतः, चार रन. ५-५. नवव्या इनिंगमध्ये गोम्स मैदानाच्या आतल्या भागातच राहिलेल्या चेंडूवर पहिल्या बेसवर पोचला आणि एका भलत्या थ्रोमुळे दुसऱ्या बेसवर गेला. तो थ्रो होसे इग्लेसियासचा. इग्लेसियास जुलैअखेरपर्यंत बोस्टनचाच होता. पिचर जेक पीव्ही आणायच्या सौद्यात तो डेट्रॉइटला गेला होता. दैवाला विनोद कळतो कधीकधी. साल्टालामाकियाची सिंगल, ६-५.

चेंडू सोडणं आणि पहिल्याच चेंडूवर तुटून पडणं ही एकाच शिस्तीची दोन टोकं आहेत. आपल्याला कुठला चेंडू हवाय हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. मग तो पहिला येवो की नववा. आपल्या मैदानांवर उलटं चालतं. पोरगं बॅट घेऊन उभं राहतं, बाहेरून दहा जण "मार, मार" ओरडतात, ते डोळ्यांपुढून जाणाऱ्या चेंडूवर बॅट फिरवतं आणि तिसऱ्या चेंडूला परत येऊन बाकावर बसतं. समोरच्या पिचरने सात इनिंगमध्ये साठ चेंडूसुद्धा टाकलेले नसतात. तो घरी जाऊन अभ्यासाला बसू शकतो, इतका ताजा असतो.

सगळे बॅटिंगचं बोलतात म्हणून दुसरी बाजू मुद्दाम सांगतो. २०१३ मध्ये बोस्टनने ८५३ रन केल्या, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा ११९ जास्त. अख्ख्या मेजर लीगमध्ये सर्वाधिक. पण दिल्या ६५६, म्हणजे १५० कमी! मोठा नफा माउंडवर झाला. फॅरेलचं महत्त्व ते इथे. लेस्टरने १५ मॅच जिंकल्या आणि वर्ल्ड सिरीजमध्ये दोन मॅच मिळून पंधराहून जास्त इनिंगमध्ये फक्त एक रन दिली. बुखहोल्झचा मधला काळ दुखापतीत गेला, तरी त्याने १२ जिंकल्या, १ हरला. लॅकी शस्त्रक्रियेनंतर चांगला बारीक होऊन आला, हरला जास्त, जिंकला कमी, पण वर्ल्ड सिरीजची शेवटची मॅच त्याच्याच नावावर आहे.

आणि उएहारा. शेवटची इनिंग टाकणारा क्लोजर म्हणून बोस्टनने आणलं होतं जोएल हॅनरहनला. त्याचा कोपर गेला. मग अँड्र्यू बेली; आधी त्याची घसरण झाली, मग खांदा. तिसरा पर्याय हा. त्याचा वेग साधारण १४३ किलोमीटर, म्हणजे मेजर लीगच्या क्लोजरच्या मानाने हळूच. पण फास्टबॉल आणि तर्जनी-मधल्या बोटांत चेंडू फाकवून धरून टाकलेला स्प्लिटर, दोन्ही एकाच हाताच्या हालचालीतून निघायचे, आणि बॅटच्या अलीकडे स्प्लिटर पायरीवरून पाय घसरावा तसा खाली पडायचा. पूर्ण हंगामात ७४ इनिंगपेक्षा थोडं जास्त, १०१ स्ट्राइकआउट, आणि वॉक किती? नऊ. सरासरी १.०९. मध्ये एकदा सलग ३७ बॅटर ओळीने बाद केले. ज्या संघाचे बॅटर दुसऱ्यांकडून वॉक काढून जगत होते, त्याचा शेवटचा पिचर कोणालाच वॉक देत नव्हता. पण हे ठरवून झालं, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. दोन माणसं मोडली म्हणून तो तिथे पोचला. त्याला संघात घेण्याचं शहाणपण चेरिंग्टनचं, नववी इनिंग त्याच्या हातात येणं हे निव्वळ नशीब.

नशिबाच्या खात्यावर आणखी एक गोष्ट लोक टाकतात, ती मी टाकत नाही. १५ एप्रिलला सकाळी सुरू झालेली मॅच संघाने फेनवेवर नॅपोलीच्या शेवटच्या फटक्यावर जिंकली आणि दुपारी बोस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेपाशी बाँबस्फोट झाले. तिघे गेले, अडीचशेहून जास्त जखमी. शहराचा दूरध्वनी कोड ६१७. तो आकडा आणि 'बोस्टन स्ट्राँग' लिहिलेली जर्सी वर्षभर डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकापाशी, टांगलेली होती. २० एप्रिलला घरी परतल्यावर पहिल्याच मॅचआधी ऑर्टिझ माइकवर काय बोलला ते इथे छापण्यासारखं नाही, पण हे शहर आमचं आहे, असा त्याचा अर्थ. नावाने आठव्या इनिंगमध्ये तीन रनांचा होमरन मारून ती मॅच जिंकून दिली. याने खेळाडूंच्या मनावर परिणाम झाला नसेल असं कोण म्हणेल? पण दुःखाने संघ जिंकवला, हे वाक्य मला लिहिता येत नाही. त्या मॅचनंतर संघ १२-४ होता, आणि त्यातले आठ विजय स्फोटांआधीचे. विजययात्रेत गोम्सने ट्रॉफी नेऊन बॉयल्स्टन स्ट्रीटवर मॅरेथॉनच्या त्या रेषेवर ठेवली, जर्सी तिच्यावर घातली. त्यात खेळाचा हिशोब शोधू नये.

सेंट लुइसविरुद्धची वर्ल्ड सिरीज मी थोडक्यात आटपतो, कारण ऑर्टिझने तिची गोष्टच संपवून टाकली: १६ पैकी ११ हिट. तिसरी मॅच बोस्टनच्या हातून अडथळ्याच्या निर्णयावर गेली, म्हणजे धावणाऱ्याला आडवं पडलेल्या फील्डरमुळे. चौथी मॅच उएहाराने पहिल्या बेसवरच्या धावकाला पिक-ऑफ करून, म्हणजे तो बेस सोडून उभा असताना थ्रोने बाद करून, संपवली. कोल्टन वाँग बेसपासून एक पाऊल जास्त गेला होता. समोर कार्लोस बेल्ट्रान बॅट घेऊन उभा, आणि वळून बघतो तर मॅच संपलेली. बेसवरच्या पोराला 'एक पाऊल कमी' सांगताना मी अजूनही वाँगचं नाव घेतो. सहावी मॅच आपल्याकडे ३१ ऑक्टोबरच्या सकाळी होती. दिवाळी तोंडावर, घरात चकलीचा सोऱ्या शोधायची धांदल, आणि मी अडखळत चालणाऱ्या इंटरनेटवर स्कोअर बघत बसलेलो. व्हिक्टोरिनोने तिन्ही बेस भरलेले असताना डाव्या बाजूच्या हिरव्या भिंतीवर चेंडू आदळला, तीन रन. ६-१. फेनवे पार्कच्या घरच्या मैदानावर १९१८ नंतर पहिल्यांदा विजेतेपद.

तळाला राहून पुढच्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकण्याचं हे बोस्टनआधी मिनेसोटा ट्विन्सने १९९१ मध्ये केलं होतं. आणि २०१४ मध्ये बोस्टन ७१-९१ करून पुन्हा तळाला. तोच मॅनेजर, तोच जनरल मॅनेजर, बरेचसे तेच खेळाडू. २०१३ मध्ये संघ कधीही सलग तीनपेक्षा जास्त मॅच हरला नव्हता. पुढच्या वर्षी एल्सबरी न्यूयॉर्कला गेला, व्हिक्टोरिनो दुखापतीने बसला, नावाची बॅट थंडावली, आणि तीच खडूस मंडळी मुकाट बाद होऊ लागली. पोरांना चॅम्पियनशिपची गोष्ट सांगताना हे शेवटचं पान फाडू नकोस.

तुझ्या संघाचं मला जेवढं कळलं त्यावरून सांगतो. कोच बदलायच्या आधी गेल्या वर्षीचं स्कोअरबुक काढ. त्यात बॅटरने किती चेंडू पाहिले याचा रकाना नसेल, आपल्याकडे तो कोणी आखत नाही. हिट आणि आउटच्या शेजारी पट्टीने एक आख. आधी नेट सराव बंद ठेवून चार दिवस पोरांना बॅट खांद्यावर ठेवून नुसतं उभं कर, स्वतःच्या पिचरसमोर, आणि प्रत्येक चेंडूला 'आत' की 'बाहेर' एवढंच ओरडायला लाव. कॅचरच्या मागे तू उभा राहा आणि मोज. पहिल्या दिवशी निम्मं चुकतील. त्याच चार दिवसांत तुझे पिचर किती वॉक देतात तेही आपोआप कळेल. मागच्या वर्षी कोण दुखापत घेऊन खेळत होता त्यांची नावंही लिही, लपवून खेळलेले धरून. हे तीन कागद घेऊन ये, मग कोचचं बोलू. दाढीचं कॉलेज काय ते ठरवेल.